तब्येतीकडे बघ

सुंदराच्या माहेरच्या सगळ्या बाया कणगीसारख्या भरलेल्या. त्या मापाने आपली दर्शना म्हणजे नुसती सुपली, असं ती चारचौघींत बोलून दाखवायची. खरं तर पोर मध्यम बांध्याची, चांगली धडधाकट होती. पण आईच्या डोळ्याला पोर कधी भरलेली दिसते का?

दोन हजार तीन साली दर्शना बारावी झाली आणि मुरबाडहून जीपने कल्याणला जाऊ लागली. तिथे कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात आतल्या बाजूला घड्या घालायचं काम होतं. तिचा जीव मात्र पुढच्या काचेच्या काउंटरवर. बापाने, धर्माने, अट घातली होती, "दिवाळीपर्यंत पक्की झालीस तर कर नोकरी. नायतर किन्हवलीचं स्थळ आलंय, गुमान लगीन करायचं." पोरीची सगळी उमेद त्या अटीवर टांगलेली.

गणपती झाल्यावर एका संध्याकाळी ती नाचतच घरी आली.

"आये, दुकानाच्या मॅडमनी बोलावलं व्हतं. म्हणल्या, काम छान हाय तुझं, काउंटरवर घेऊ. फक्त तब्येतीकडं जरा बघ."

"बघ! मी कधीची बोंबलते," सुंदरा म्हणाली. "परक्या बाईला दिसलं, तुझ्या बापाला नाय दिसलं."

दुसऱ्या दिवसापासून सुंदराने पदर खोचला. मेथीचे लाडू, नाचणीच्या भाकरीवर घरच्या म्हशीच्या तुपाची धार, आणि बाजारात जायची ती अंडी पोरीच्या पोटात. दर्शना नाक मुरडत का होईना, खायची. काउंटर डोळ्यांपुढे होतं ना! दुकानाचा निळा कुर्ता काखेत काचू लागला, तेव्हा सुंदराने शिवण उसवून आत दाबलेलं कापड सोडलं. सुईत दोरा ओवताना तिला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेजारची रखमी दारातून ओरडली, "सुंदरा, पोर सुधारली गो!" रखमीची पाठ वळताच सुंदराने लेकीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

वसुबारसेला दर्शना दुपारीच परतली आणि चपला न काढता ओट्यावर बसली.

"काय झालं गो?"

"काउंटरवर दुसरीला घेतली. मला म्हणल्या, दिवाळीनंतर येऊ नको. म्हणल्या, तब्येतीकडे बघ म्हणून सांगितलं होतं ना? तू तर आणखी फुगलीस. काचेत जाडी पोरगी उभी केली तर कपडे कोण घेणार?"

सुंदराला आधी कळेचना. तब्येतीकडे बघ म्हणजे बारीक हो? असं कुठल्या मुलखात बोलतात? मग कळलं. पोरीच्या पायावर तिनेच धोंडा घातला होता, तोही तुपात घोळून.

"मी येते त्या बाईकडं," ती उठली. "सांगते, चूक माझी हाय. जरा टाइम द्या, उपाशी ठेवते पोरीला."

"नको आये. हसतील."

सुंदरा परत खाली बसली. त्या रात्री दोघीही जेवल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नाआधीच किन्हवलीचे पाहुणे आले. सुंदराने नवऱ्याला दोनदा विनवून पाहिलं, पण अट म्हणजे अट. दर्शना पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दंड दाबून पाहिला.

"आमची शेती मोठी हाय. वाळकी पोर आमाला चालत नाय. हिची तब्येत चांगली हाय." मग ती सुंदराकडे वळून हसली, "झाक खाऊ घातलंय हो तुमी."

धर्माची छाती फुगली. दर्शनाने मान वर करून आईकडे पाहिलं. आता तरी आई काही बोलेल, एवढंच त्या डोळ्यांत होतं. सगळं सांगून टाकावं असं सुंदराला वाटलं. पण पाहुण्यांसमोर बाईमाणसाने बोलावं तरी काय?

"हो," ती म्हणाली. "घरचंच तूप."