सात वाडगे

"नावाडिणीने वल्हं खाली ठेवलं, पूर्णविराम," काकूंनी वाचलं. "चौदावं प्रकरण समाप्त. पुढे पंधरावं, नवं पान."

"थांबा, काकू," ती म्हणाली आणि हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

काकूंनी मूळ पुस्तकाच्या ओळीखाली पट्टी तशीच धरून ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने नव्या छपाईच्या कच्च्या पानांवर चुकांवर खूण करायची, अशी या छापखान्याची रीत होती. काकू तीस वर्षं वाचत होत्या आणि एकही विरामचिन्ह त्यांनी कधी गाळलं नव्हतं. विभागातली पोरं पाठीमागे त्यांना स्वल्पविरामकाकू म्हणत. नवऱ्याशी भांडतानासुद्धा त्या उद्गारचिन्ह सांगतात, अशी वदंता होती.

"चहा सांगू का?"

"नको. पाणी पिऊन येते."

ती व्हरांड्याच्या टोकाला गेली, नळ सोडला आणि पाणी न पिताच उभी राहिली. 'मीठपर्वताची सफर' या सहा खंडांच्या नव्या आवृत्तीचं काम साहेबांनी तिला दिलं, तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं. "तुला सगळं तोंडपाठ आहे. दुसऱ्या कोणाला देऊ?" म्हणाले होते. आणि ते काही खोटं नव्हतं. मीठपर्वताकडे निघालेले सात वाटसरू, त्यांच्या घोड्यांच्या खोडी, मुका सरदार कुठल्या पानावर पहिल्यांदा हसतो, झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. फक्त सहाव्या खंडाच्या चौदाव्या प्रकरणापर्यंतच. त्यापुढचं एक अक्षरही तिने वाचलेलं नव्हतं, आणि हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी शेवटाबद्दल बोलू लागलं की ती पाण्याला उठायची. त्यामुळे ही बाई पाणी फार पिते, असा ऑफिसात तिचा लौकिक झाला होता.

घरात पुस्तक एकच आणि वाचणारे दोघे होते, ती आणि तिच्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोन दोरे खुणेसाठी घेतलेले, निळा त्याचा, पिवळा तिचा. नियम दादाने केला होता. प्रकरण संपलं की थांबायचं, आणि दुसऱ्याचा दोरा तिथवर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो झपाट्याने वाचायचा आणि मग तिच्या डोक्यावर बसून राहायचा. "आटप गं, शेंबडे. घोडे पाण्याला गेले तरी तू त्याच पानावर."

दुसरा खेळ चुका पकडण्याचा. छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, हे दादाचं म्हणणं. चूक छपाईची असो की गोष्टीतली, ज्याला आधी सापडेल त्याचा गुण. मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलने हिशेब मांडलेला असे. सहाव्या खंडात तो तीसवर होता, ती अठ्ठावीसवर. मुद्रितशोधनाचं काम तिला इतकं सहज कसं जमतं, याचं साहेबांना कौतुक वाटायचं.

सहावा खंड आला तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. त्याला रक्ताचा आजार झाला आणि पुस्तक त्याच्याबरोबर इस्पितळात गेलं. चौदावं प्रकरण दोघांनी एकाच रविवारी, त्याच्या खाटेवर बसून संपवलं. मग मुलांना आत सोडणं बंद झालं. सात आठवड्यांनी पिशवीतून पुस्तक तेवढं घरी आलं. दोन्ही दोरे चौदाव्याच्या शेवटी होते.

आपण एक पान जरी उलटलं तरी तो मागे राहील, असं तिला तेव्हा वाटलं. आणि तेरा वर्षांच्या मुलीला वाटलेली ती गोष्ट सदतिसाव्या वर्षीही तिच्या मनातून गेली नव्हती. तिने नळ बंद केला आणि ती परत येऊन बसली.

"वाचा, काकू."

तिने एक युक्ती ठरवली होती. नुसती अक्षरं पाहायची, गोष्ट कानाआड करायची. मागे एकदा तिने धरणांच्या बांधकामावरचा जाडजूड ग्रंथ असाच तपासला होता, आणि त्यातलं एक वाक्यही तिला कळलं नव्हतं. काकूंचा आवाजही मदतीला होता. त्या आवाजात लढाई काय आणि लग्न काय, सारखंच सपाट ऐकू येई. तीन दिवस हे निभावलं. पंधरावं, सोळावं, सतरावं, अठरावं, सगळी प्रकरणं तिच्या पेन्सिलीखालून गेली आणि तिने त्यातलं काहीच वाचलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी काकू वाचत होत्या, "मुक्या सरदाराने शेकोटीभोवती सात वाडगे मांडले, स्वल्पविराम, आणि एकेकात गरम पेज ओतली, पूर्णविराम."

तिची पेन्सिल थांबली.

"सहा हवेत," ती म्हणाली.

"इथे सातच आहेत. मूळ प्रतीत सात, तुझ्याकडेही सात."

"सहाच हवेत, काकू. सातांतला घंटावाला गेला ना. सतराव्या प्रकरणात, बर्फात."

काकूंनी काही पानं मागे उलटून पाहिलं आणि मान हलवली. "खरंच की गं. माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला पत्ता नाही."

घंटावाला बर्फात गेला हे तिला माहीत होतं. तो शेवटी कोणाचा हात धरून होता, तेही माहीत होतं. म्हणजे चार दिवस ती वाचतच होती. समोरच्या पानावरची अक्षरं पुसट दिसू लागली.

साहेबांनी पान पाहिलं. "लेखिका हयात असती तर विचारलं असतं. आपण मनाने काही बदलायचं नाही. ऑफिसातली ही प्रत चौथ्या छपाईची आहे. पहिली आवृत्ती तुझ्या घरी आहे ना? तिथे बघ, आणि उद्या चिठ्ठी भरून दे."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून चादरीची कड दुमडत होती. तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून सहावा खंड काढला. दोरे जिथल्या तिथे होते, पिवळा वर, निळा खाली. ते न हलवता तिने पुढची पानं बोटाने उचलली आणि एकोणिसावं प्रकरण काढलं.

तिथेही सातच होते. पण त्या 'सात'भोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं, आणि समासात वाकड्यातिकड्या, दमलेल्या अक्षरात लिहिलं होतं: सहा हवेत. ३१–२८.

ती उभ्याउभ्याच पानं उलटत गेली. तेविसाव्या प्रकरणात बत्तीस. शेवटच्या पानावरचा मजकूर तिने तळहाताने झाकला आणि फक्त समास पाहिला. तिथे तेहेतीस होते.

"आई, दादाने हे पुरं वाचलं होतं?"

आईची सुई थांबली. "वाचलं की. शेवटच्या आठवड्यात, दोन दिवसांत. हात भरून यायचा तेव्हा मी धरायचे पुस्तक." तिने दोरा दातांनी तोडला. "मला म्हणाला, तिला सांगू नकोस, चिडेल ती. दोरेसुद्धा पुन्हा होते तिथे ठेवायला लावले. तिचा वर ठेव म्हणाला."

"आणि तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्याने. आणि सांगायचं काय त्यात? तू आठवडाभरात वाचून मोकळी झाली असशील, असंच मी धरून चालले. तुला कुठे धीर निघायचा."

तिला आधी राग आला, अगदी तेरा वर्षांच्या मुलीला येतो तसा. चोवीस वर्षं जिवाच्या कराराने थांबले, आणि हा लबाड केव्हाच पुढे जाऊन बसला होता. वर दोरे मागे ठेवून साळसूदपणाचा आव. "चोर," ती मोठ्याने म्हणाली, आणि मग तिला जे रडू आलं ते आवरेना. आईने चादर बाजूला ठेवली. ती येऊन लेकीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पुस्तक दोघींच्या मधोमध उघडं पडलं होतं.

सकाळी काकू यायच्या आत तिने चिठ्ठी भरली. चिठ्ठीत चार रकाने असत. पान, काय छापलं आहे, काय हवं, चूक कोणी दाखवली. शेवटच्या रकान्यात विभागातल्या माणसाचं नाव घालायची पद्धत होती. काकूंनी चष्मा चढवून चिठ्ठी साहेबांकडे पाठवण्याआधी सवयीने वाचून काढली.

"पहिल्या आवृत्तीतही सात. सहा हवेत. ते ठीक." त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "आणि हे काय? दादा? आपल्या विभागात कोण दादा?"

"माझा मोठा भाऊ."

"तुला भाऊ आहे? इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

तिने पेन्सिलीला टोक केलं, कचरा फुंकून टाकला आणि कच्ची पानं पुढे ओढली. सर्वांत वर घरून आणलेला पिवळा दोरा होता. तो तिने विसाव्या प्रकरणाच्या मथळ्यावर आडवा ठेवला.

"माझ्या बराच पुढे आहे तो," ती म्हणाली. "वाचा, काकू. आज जरा भरभर."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, आणि पट्टी पहिल्या ओळीखाली सरकवली.

"प्रकरण विसावं," त्या म्हणाल्या, "नवं पान."