उरलेला टॉवेल

जपानात, कोबेला बिऱ्हाड थाटून जेमतेम दोन महिने झाले होते आणि निंगनिंग शेजारच्या हामादाबाईंना 'आमा', म्हणजे आजी, म्हणू लागली.

यूफेनचा घास हातातच राहिला. "कुणी शिकवलं तुला? तुझी आमा एकच. तैवानातली. माझी आई."

"ती तर वारली ना," सहा वर्षांची पोर भात चिवडत म्हणाली. "ही मला संत्री सोलून देते. वरची पांढरी सालसुद्धा काढून."

यूफेनची आई गेली आणि लगेच नवऱ्याची बदली झाली. आईच्या रिकाम्या खुर्चीवर धड नजर ठरण्याआधीच खोकी बांधावी लागली. आणि ही बाई! आईच्याच वयाची, पण कशी ठणठणीत, लालबुंद गालांची. आयती नात पदरात पडलेली.

"अगं, पोर फुकटात भाषा शिकतेय," नवरा हसत म्हणाला. "आल्या आल्या टॉवेल घेऊन शेजारी जायला हवं होतं. इथली रीतच आहे ती. तूच अडून बसलीस."

"आणि आपल्याकडे टॉवेल कधी देतात?"

तैवानात अंत्यविधीला आलेल्याच्या हातात टॉवेल ठेवायचा. मेलेल्या माणसाशी, त्या दुःखाशी त्याचा धागा तिथेच तुटतो. आईच्या वेळी ते यूफेननेच वाटले होते. उरलेला एक सामानातून इथवर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून खिदळणं ऐकू आलं. "आमा, परत! परत कर ना!"

यूफेनने कपाट उघडलं. या बाईशी तोडायचाच ना धागा? मग तुटू दे. टॉवेल घेऊन तिने शेजारची घंटा दाबली आणि दार उघडताच तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"अगबाई, टॉवेल!" हामादाबाई हरखून कमरेत वाकल्या. "मला वाटलं, तुम्हाला आमचा शेजार आवडलाच नाही. रोज वाट बघत होते हो!" त्यांनी तो तिथल्या तिथे गळ्यात टाकला. "किती मऊ! कुणी निवडला?"

"आईचा आहे," यूफेन तुटक जपानीत एवढंच बोलू शकली.

"सांगा त्यांना, फार आवडला म्हणून."

आतून निंगनिंग धावत आली आणि टॉवेलचं टोक गालाला लावून उभी राहिली. यूफेनला वाटलं, हिसकावून घ्यावा. आईचं उरलंसुरलंही आता त्याच गळ्यात!

"निंगनिंग, घरी चल."

"तूच ये ना आत."

यूफेन उंबऱ्यात घुटमळली. मग तिने चपला काढल्या.

बाईंनी संत्रं सोललं, पांढऱ्या शिरा निगुतीने काढल्या आणि पहिली फोड यूफेनपुढे धरली.

"आमा!" निंगनिंगचा ओठ बाहेर आला. "पहिली माझी असते!"

यूफेनने फोड घेतली आणि लेकीकडे बघत सावकाश खाल्ली.