चहा करीत असता

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर भिकन तायडे हवालदारांना पुन्हा काम मिळालं, पण ते काम नेमकं कसलं हे त्यांना बायकोला समजावून सांगता येईना.

"कॉलेजात," ते म्हणाले.

"कॉलेजात काय? शिपाई?" मंदाबाईंनी विचारलं.

"नाही गं. जुने पंचनामे वाचायचे."

"म्हणजे पोलिसातच ना?"

"पोलिसात नाही. पोलिसांवर."

मंदाबाईंनी कणकेचा हात तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. तायड्यांना स्वतःलाही यापेक्षा जास्त काही कळलेलं नव्हतं.

हे चौऱ्याण्णव सालचं. जळगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका इंदिराबाई वाणी यांना दिल्लीच्या एका मंडळाने संशोधनासाठी दोन वर्षांचं अनुदान दिलं होतं. विषय होता दहा वर्षांत भाजून मेलेल्या लग्न झालेल्या बायका आणि त्यांच्या मृत्यूचा पोलिसांनी केलेला तपास. परवानग्या काढून बाईंनी साठ प्रकरणांच्या नकला मिळवल्या, पण त्या त्यांना वाचता येईनात. अक्षर घाईचं, शब्द अर्धे, जागोजागी ठाण्यातल्या खुणा. कुणीतरी तायड्यांचं नाव सुचवलं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच लिहिलं होतं.

तायडे रोज अकराला जायचे, चष्मा पुसायचे आणि मोठ्याने वाचायचे. बाई उतरवून घ्यायच्या. बंद झालेली प्रकरणं उघडून बघायला दिल्लीचे लोक पैसे का देतात, हा प्रश्न तायड्यांना रोज पडायचा. चोरी सापडणार नाही, आरोपी सापडणार नाही, मग सापडणार काय?

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी अकरा कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"तायडेभाऊ, प्रत्येकातलं हे वाक्य वाचा."

तायड्यांनी वाचलं. 'मयत ही चहा करीत असता स्टोव्हचा अचानक भडका उडून तिच्या नेसत्या नायलॉन साडीने पेट घेतला.' दुसऱ्यात तेच. पाचव्यात तेच. अकराव्यातही तेच.

"ठाणी निराळी, सालं निराळी," बाई म्हणाल्या. "आणि सगळ्या चहाच करत होत्या?"

"नमुना असतो तो, मॅडम. मला एका जुन्या जमादारांनी शिकवला. असं लिहिलं की साहेब खोडत नाहीत." हे त्यांनी जरा ऐटीतच सांगितलं. मग बाईंचा चेहरा बघून त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र उमगेना. पेन्शनीचा कागद असो की पंचनामा, नमुन्याशिवाय सरकारात काही चालतं का?

अडतिसाव्या प्रकरणाची पहिली ओळ वाचतानाच ते थांबले. अक्षर त्यांचंच होतं. कलाबाई, वय बावीस, असोद्याच्या पुढे शेतातलं घर, सन चौऱ्याऐंशी. आणि खाली तेच वाक्य.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "स्टोव्ह तुम्ही पाहिला होता?"

"पाहिलाच असणार. लिहिलंय ना."

"लिहिलंय ते मीही ऐकलं, भाऊ. तुम्ही पाहिला होता का?"

तायड्यांनी डोळे मिटले. केळीच्या बागेतून जाणारी पायवाट आठवली. दारात दोरी ओढून ओरडणारी शेळी आठवली. लवकर आटपा म्हणून सारखं घड्याळ बघणारे फौजदार आठवले. वास तर इतका आठवला, की त्यांनी रुमाल काढला. स्टोव्ह तेवढा आठवेना. असेलही. कोपऱ्यात असेल. नसता तर आपण लिहिला असता का? आणि असता तर आठवला नसता का?

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडून प्रश्नांचा छापील कागद घेतला आणि सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पकडली. कलाबाईचं माहेर शिंदखेड्याजवळ होतं. आई ताईबाई अजून होती.

ताईबाईने त्यांना लगेच ओळखलं. दहा वर्षांनी, साध्या कपड्यांत.

"या हवालदारभाऊ, बसा. तुमले कसं इसरसू?" तिने अंगणात बाज टाकली. "बठ्ठा पोलीसमा तुमीच भला व्हतात. माले पानी पाजं. मनाजोडे बसनात."

सगळ्या पोलिसांत आपणच भले, पाणी पाजून जवळ बसलेले, हे तायड्यांना अगदीच अनपेक्षित होतं. दार लावून घेतील, शिव्या देतील, अशी तयारी करून ते आले होते. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"अक्का, एकच विचारतो. त्या घरात स्टोव्ह होता?"

"स्टो? नै हो भाऊ. चूल व्हती. घासलेट फक्त कंदीलपुरतं."

"पण तुमच्या जबाबात स्टोव्ह आहे."

"तुमी वाचीसन दखाडं, मी आंगठा दिन्हा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमीच सांगं ना, अक्का, कोर्टमा गयात ते पोरनी बेअब्रू व्हई. धाकली पोरनं लगीन व्हनं बाकी शे. मी म्हनं, खरं शे यासनं."

तायड्यांना हे सांगितल्याचं आठवत नव्हतं. पण हे आपलंच बोलणं आहे, हे त्यांनी ओळखलं. असं त्यांनी कितीतरी घरांत सांगितलं होतं, आणि चांगल्या मनाने सांगितलं होतं. धाकटीचं लग्न झालं का, त्यांनी विचारलं. झालं, दोन लेकरं आहेत, दोंडाईचाला असते, ताईबाई म्हणाली. म्हणजे आपण म्हणालो ते बरोबर निघालं की काय? त्यांना धड हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

त्यांनी पेन काढलं. कागदावर चौकोन होते. पोलिसांनी तपास केला, होय किंवा नाही. नातेवाइकांवर दबाव आला, होय किंवा नाही.

ताईबाई पुढे सरकली. "आते काय सांगू, भाऊ? तुमी सांगशात ते सांगसू."

तायड्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि परतीच्या गाडीला अजून तीन तास असताना स्टेशनवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले तर इंदिराबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. टेबलावर दिल्लीचं पत्र होतं. पहिल्या सहामाहीचा तक्ता त्यांनी मंडळाला पाठवला होता. त्यावरून मंडळाने निष्कर्ष काढला होता, की तोवर वाचून झालेल्या तीसपैकी सव्वीस मृत्यू स्टोव्हच्या भडक्याने झाले. तेव्हा खरा धोका सदोष स्टोव्हचा आहे. पुढच्या वर्षीचं अनुदान स्टोव्हची रचना आणि गृहिणींना प्रशिक्षण या विषयाला द्यावं, असा विचार चालू आहे. पोलीस तपासाचा भाग कागदपत्रांवरून फारसा महत्त्वाचा दिसत नाही.

तायड्यांनी बाईंकडून पत्राचा अर्थ दोनदा समजावून घेतला.

"म्हणजे, मॅडम, आम्ही लिहिलं ते दिल्लीला गेलं, आणि दिल्लीहून खरं होऊन आलं?"

बाई हसल्या नाहीत. "मी तक्त्याखाली लिहिलं होतं, हे पोलिसांचं म्हणणं आहे म्हणून. त्यांनी आकडे तेवढे वाचले."

तायड्यांनी पत्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "माझा जबाब घ्या."

"काय लिहू?"

"लिहा, की स्टोव्ह पाहिल्याचं मला आठवत नाही." ते थांबले. "कालपासून मला चूल दिसतेय. राखेवर पाणी सांडलेलं. पण ती मला खरीच आठवतेय, की त्या बाईने सांगितली म्हणून दिसतेय, ते माझं मलाच कळत नाही."

"मग तेही लिहू."

"असा जबाब चालतो?"

"ठाण्यात चालत नसेल," बाई म्हणाल्या. "इथे चालतो."

तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. चार पानं झाली. ताईबाईला आपण काय सांगितलं तेही त्यात आलं, फौजदारांचं घड्याळही आलं. बत्तीस वर्षांत त्यांनी एवढं अडखळत काही लिहिलं नव्हतं. नमुना नव्हता, त्यामुळे पुढचं वाक्य कुठून आणायचं हेच कळत नव्हतं. सही करताना पेन्शन थांबवतील का, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांनी मंदाबाईंना सांगितला नाही.

दीड महिन्याने मंडळाने उलट विचारलं, की सदर इसम प्रकल्पाचा कर्मचारी आहे की माहिती देणारा? एकच व्यक्ती दोन्ही असू शकत नाही. कर्मचारी असेल तर त्याचं म्हणणं पुरावा म्हणून घेता येणार नाही.

"तुम्हीच ठरवा, तायडेभाऊ," बाई म्हणाल्या. "मला सांगवत नाही."

तायड्यांनी कर्मचारी म्हणून राजीनामा दिला. ज्या नोकरीचं नाव त्यांना कधी नीट सांगता आलं नव्हतं, ती अशी सुटली. पेन्शनीला कुणी हात लावला नाही. त्यांचा जबाब कुणी वाचला की नाही, हेही समजलं नाही. स्टोव्हचं अनुदान दुसऱ्या कुठल्या संस्थेला गेलं. इंदिराबाईंना पहिल्या वर्षाचे उरलेले महिने तेवढे पुरे करायला मिळाले, आणि त्या सुट्टीच्या दिवशी पदरच्या खर्चाने घरं फिरू लागल्या. तायडे त्यांच्याबरोबर जाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

काही दारं उघडत, काही उघडत नसत. एका रविवारी धुळ्यात, देवपूरकडच्या एका घरी, एक म्हातारा ओट्यावर निवडुंगाच्या कुंडीला पाणी घालत होता. त्याची मुलगी अठ्ठ्याऐंशी साली गेली होती. बाई रिक्षावाल्याशी बोलत मागे राहिल्या होत्या.

"कुणाकडून आलात?" म्हाताऱ्याने विचारलं. "पोलीस?"

"होतो. आता नाही."

"सरकार?"

"नाही."

"मग कुणी पाठवलं तुम्हाला?"

तायड्यांनी विचार करून पाहिला. खरोखरच कुणीही पाठवलेलं नव्हतं. त्यांनी फाटकाला हात लावला, पण आत पाऊल टाकलं नाही.

"तुमच्या मुलीबद्दल जे लिहिलंय ते मी वाचलं, बाबा," ते म्हणाले. "ते बरोबर आहे का, एवढंच विचारायला आलो."

म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला आणि फाटकाची कडी काढली.