खडकापाशी मासे आले

मी जाळं बोलतोय, मासे मोजायचं जाळं! पकडून विकायचं काम दुसऱ्यांचं. आष्टीकडच्या एका तलावावर मच्छीमार सोसायटीत माझा मुक्काम. माझे डोळे इतके बारीक, की वरच्या पाण्यात थव्यानं फिरणारी बोटभर चंदेरी मासळीसुद्धा सुटत नाही.

सोसायटीतले जुने मच्छीमार कडूबाकाका मला फेकायचे तेव्हा काय माझा तोरा! थवा दिसला की ते नेमके तिथंच फेकायचे. मी दरवेळी गच्च भरून वर. "मासळी बक्कळ हाय!" म्हणत सगळे खूश, अन् मीही फुगलेला.

मग मोजणीचं काम सोसायटीनं गावातल्या पायलकडं दिलं, फेकायला काकाच. ती म्हणाली, "काका, थवा बघून टाकल्यावर कसं कळंल? तलावाच्या भिंतीपाशी, मधात अन् पल्याडच्या खडकापाशी, तिन्ही जागी टाका."

भिंतीपाशी मी भरलो. मधात चार-दोन मासे. खडकापाशी एकही नाही! शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मासळी बक्कळ नव्हतीच, उरलेली सगळी भिंतीपाशीच गोळा झाली होती. सोसायटीनं ठरवलं, तिन्ही जागी दिसेपर्यंत ही मासळी धरायची नाही.

फटका बसला पायलच्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना. आष्टीच्या बाजारात हीच मासळी तळून विकायचा त्यांचा गाडा. "सुनेनंच माझी कढई पालथी घातली," म्हणाल्या आणि अबोला धरला. पायल मात्र मोजणी करतच राहिली. मला फार वाईट वाटायचं.

काल पुन्हा मोजणी होती. द्वारकाबाई टोपली घेऊन स्वतःच होडीत येऊन बसल्या. "आज न्हाई निघाली तर गाडा इकून टाकते!"

भिंतीपाशी मासे निघाले, मधातही निघाले. खडकापाशी काकांनी मला फेकलं, आणि अहाहा! पोटात अशी वळवळ सुरू झाली की नुसत्या गुदगुल्या! काकांना एकट्याला ओढवेना.

"आत्या, हात लावा जल्दी!" पायल ओरडली. सासू-सुनेनं मिळून मला वर घेतलं. होडीभर मासे उड्या मारू लागले.

पायलनं मोजून मासे बादलीत ठेवले. मोजणीचे मासे परत सोडायचा नियम आहे. सासूच्या टोपलीकडं बघून तिला बादली उचलवेना. तेव्हा द्वारकाबाईंनीच बादली तलावात ओतली.

"जाऊ दे त्यांला. बराबर मोजलंस ना? मंग झालं. चल, कढई घासू लाग मला."

तिन्ही जागी मासळी दिसली, म्हणून सोसायटीनं बंदी उठवली. आज मी काठावर वाळत पडलोय आणि त्या दोघी बाजारात गाड्यावर उभ्या आहेत. आनंद पोटात मावत नाही हो! एवढंच मागणं आहे, उद्या कुठं रिकामा वर आलो तर मला शिव्या देऊ नका. तिथंही मला टाकत राहा.