कठड्यावरचं मीठ

बा गेल्यावर त्याच्या हातची एकच बाटली घरात उरली. सरबताची जुनी काचेची बाटली, तोंडाशी कापडाचा बोळा, आत आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाची दारू. ती कुणी प्यायची नाही, एवढं याडीनं सांगून टाकलं होतं. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात.

जहाजाची सहल मी दिवाळीतच ठरवली होती, बासाठी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचे. बा आर्णीच्या पलीकडे फारसा गेला नाही, पण जेवताना मिठाची चिमूट उचलली की म्हणायचा, हे जिथून येते ते एकदा पाहाचं हाय, तिथं वाडवडिलांच्या नावानं धार द्याची हाय. पौषात तोच गेला. आता या बाटलीतली धार त्याच्याच नावानं समुद्रात द्यायची होती.

धार देताना गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून ते लेकरानं घ्यायचं. तांड्यात बाचे दिवस झाले तेव्हा माझ्या भावानं, इंद्रजीतनं घेतलं. मी ओठ हलवले होते, आवाज आला नव्हता. याडीनं ते पाहिलं असावं. समुद्रावर नाव तू घेशील, एवढंच ती म्हणाली, आणि बाटली ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली.

जहाजावर बाहेरची दारू नेऊ देत नाहीत, हे मी तिला नियम वाचून सांगितलं. इंद्रजीत हसला. "तिथं बार हाय याडी, मोठा. घरची कायले नेतं?"

"त्याईची त्याईले," याडी म्हणाली. "ह्याची ह्याले."

मुंबईच्या बंदरावर सामान यंत्रातून गेलं आणि बाटली बाहेर काढली गेली. गणवेशातल्या मुलानं विचारलं, अम्मा, ये क्या है? मला वाटलं, ती औषध म्हणेल, तीर्थ म्हणेल.

"मोहाची दारू," याडी म्हणाली.

आमच्या मागच्या गृहस्थांनी कळवळून सांगितलं की आजी, शाम्पूच्या बाटलीत भरायची असते, कुणाला कळत नाही. याडीनं वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्याले शाम्पूतून पाजू का? चोरून दिलेलं पोचत नाई, भाऊ."

मुलानं बाटलीला चिठ्ठी अडकवली. उतरताना परत मिळेल, म्हणाला. याडीनं एकच विचारलं, ठेवता कुठं? जहाजातच, खाली, कुलपात. ती मान हलवत म्हणाली, "म्हणजे तो बी येऊन राह्यला."

पण धार राहिली होती. दुपारी जमीन दिसेनाशी झाली तेव्हा मी बारमधून एक पेला आणू का विचारलं. ते त्याच्या हातचं नाही, म्हणाली. मग आम्ही डेकवर नुसत्या बसून राहिलो. पाणी इतकं सपाट होतं, की काळ्या मातीचं, नुकतंच वखरलेलं रान वाटावं. माझे डोळे मिटले. दूरवर घागरमाळा वाजू लागल्या. पाण्यावरून बैल येत होते, एकामागं एक, पाठीवर गोण्या, खुरांखाली पाणी हलतही नव्हतं. सगळ्यांच्या मागं बा होता, हातात काठी, कुठं पोचायची घाई नसल्यासारखा. मला त्याला हाक मारायची होती. बा म्हणून नाही, नावानं. तोंड उघडलं आणि जाग आली. बाजूला याडी कठड्यावरून हात फिरवत होती.

तिनं तळहात जिभेला लावला.

"लूण," ती हळूच म्हणाली. मीठ.

रात्रभराच्या वाऱ्यानं कठड्यावर पांढुरकी साय धरायची. पुढच्या प्रत्येक सकाळी याडी ओढणीच्या पदरानं तो कठडा पुसत चालायची, लोक नाश्त्याला जात असताना. सफाईवाला फडकं घेऊन आला, की थोडा वेळ थांबायचा आणि हसून दुसऱ्या बाजूनं सुरुवात करायचा. पदर कडक होत गेला. शेवटच्या दिवशी तिनं त्याला गाठ मारली.

बंदरावर बाटली परत मिळाली, चिठ्ठीसकट. समोरच समुद्र होता, तेलकट, काठाशी प्लास्टिक तरंगत असलेला. मी विचारलं, इथं? याडीनं पाण्याकडे पाहिलं. बाटली पिशवीत ठेवली आणि चालू लागली.

आर्णीच्या स्टँडवर इंद्रजीत गाडी घेऊन आला होता. बाटली तशीच भरलेली पाहून म्हणाला, "फिरवून आणलं का बाले?"

"हो," याडी म्हणाली. "आता घरी आणला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघीच धुऱ्यावर गेलो. मोहाची फुलं गळायला लागली होती. टप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप. झाडाखाली गोड, जड वास साचला होता. याडीनं पदराची गाठ सोडली. रोज सकाळी कठडा पुसून जमेल तेवढंच मीठ होतं, चिमूटभर, राखाडी, धुळीनं मळलेलं. ते तिनं ओंजळीत घेतलं आणि बाटली माझ्या हातात दिली. मी बोळा काढला.

धार तिच्या ओंजळीवरून, मिठावरून, खाली मातीत जाऊ लागली.

"नाव घे."

"डोंगरसिंग," मी म्हणाले. ते मला स्वतःलाच जेमतेम ऐकू आलं.

याडीची ओंजळ तशीच होती. बोटांमधून थेंब गळत होते. तिनं वर पाहिलं नाही.

"मोठ्यानं घे बाई. चोरून दिलेलं पोचत नाई."

पलीकडच्या शेतात कुणीतरी पाणी सोडत होतं. त्यानं मान वळवून पाहावं, एवढ्या मोठ्यानं मी बाला नावानं हाक मारली.