फ्लॉपीची खिट्टी

"अप्पा, त्यो डबा अजून घरात हाय व्हय?" फोनवर लेकीचा, चंद्रिकाचा आवाज चढला. "भंगारवाल्याला देऊन टाका की. दिवाळीला येताना मी अव्वाला नवीन टॅब आणते."

"आण की. पण डब्याला कुणी हात लावायचा न्हाय," महादेवप्पा म्हणाले, आणि पुढचं ऐकावं लागू नये म्हणून दूधवाला आलाय असं सांगून त्यांनी फोन ठेवला. दूधवाला सकाळीच येऊन गेला होता.

डबा म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत देवळीशेजारी बसलेला जुना कॉम्प्युटर. पोट पुढं आलेला मॉनिटर आणि पिवळी पडलेली बटणं. महादेवप्पांनी हयातभर सुताच्या पेढीवर कारकुनी केली, पण घरात नाव होतं ते त्यांच्या बायकोचं. दानम्मा चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढायच्या. आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून, नंतर याच कॉम्प्युटरवर. अजूनही कुणाकडं पाहुणे म्हणून गेले की महादेवप्पा अंथरलेल्या चादरीचा कोपरा उलटून कुयरी कुणाची ते बघत.

गेल्या वर्षी झटका आला आणि दानम्मांचा उजवा हात लुळा पडला. बोलणं हळूहळू परत आलं, पण त्यात एकच शब्द सारखा ऐकू यायला लागला. दुसरा घास पुढं केला की "साकु". व्यायाम शिकवणारी बाई दारात दिसली की "साकु". साकु म्हणजे पुरे. कानडी घरात हा शब्द काही नवा नाही, पण दानम्मा तो नुसत्या जेवणाबद्दल बोलत नाहीत, हे महादेवप्पांना कळत होतं. त्याची त्यांना फार भीती वाटत होती.

शेजाऱ्यांच्या टॅबवर दानम्मांना एकदा चित्र काढायला बसवून पाहिलं होतं. डाव्या हाताचं बोट कुठंही टेकायचं आणि भलतंच उघडायचं. त्यांना हवं होतं ओळखीचं, माउस आणि रंगवायची मोठाली घरं. पण कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कधीच मेली होती. पेठेतल्या दुरुस्तीवाल्या विरेशनं आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाला, "काका, एक इलाज हाय. परदेशातल्या हौशी लोकांनी नोकरीधंदा सांभाळून एक लहानगी सिस्टीम केलीय. फुकट हाय. सगळी एका फ्लॉपीत मावते. चित्र काढायची सोय बी हाय त्यात."

फ्लॉपी आता मिळते कुठं? दानम्मा ज्या कारखान्याला डिझाइनं द्यायच्या, तिथल्या जुन्या मशीनला फ्लॉप्या लागत. तिथून महादेवप्पा एक मागून घेऊन आले आणि विरेशनं तिच्यावर ती सिस्टीम चढवून दिली.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात नखाएवढी खिट्टी असते. ती सरकवली की आतलं काही पुसलं जात नाही, असं विरेशनं सांगितलं होतं. महादेवप्पांनी घरी येताच ती सरकवून टाकली. जपणं हा त्यांचा स्वभावच. दानम्मांना घास तेच भरवत, केस तेच विंचरत. आणि दानम्मांनी माउस धरला तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून तो फिरवतही तेच. "ऱ्हाऊ दे गं, मी करतो की." त्यामुळं पडद्यावर जी कुयरी उमटायची ती महादेवप्पांची असायची, म्हणजे साधारण वांगं.

एका दुपारी ते दळण आणायला गेले. परत आले तर दानम्मा एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. डावा हात माउसवर. पडद्यावर कुयरी होती. जराशी कलंडलेली, पण देठाजवळ तोच बाक, जो उभ्या सोलापुरात दुसऱ्या कुणाला जमला नाही, असं महादेवप्पांचं ठाम मत होतं.

"थांब, थांब. आदी जपून ठेवतो." पिठाच्या हातानंच त्यांनी सेव्ह केलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. आनंदात माणूस वाचतो कुठं? त्यांनी ओके दाबलं आणि चहा टाकायला गेले. तेवढ्यात लाइट गेली.

लाइट आली. कॉम्प्युटर सुरू झाला. कुयरी नव्हती. सगळीकडं शोधली, नव्हती.

"साकु," दानम्मा म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

विरेशनं फ्लॉपी हातात घेतली आणि लगेच हसला. "काका, खिट्टी लावून ठिवलीया तुमी. जुनं पुसणार न्हाय, बरोबर हाय. पर नवीन कसं लिहिणार त्यावर?"

महादेवप्पा दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांना तो घास आठवला, ती फणी आठवली, माउसवरचा आपला हात आठवला. डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी ते टिपले आणि फ्लॉपी खिशात घालून उठले.

घरी येऊन त्यांनी खिट्टी मागं सरकवली. पडद्यावरचं एक घर रंगवलं, सेव्ह केलं, बंद करून परत लावलं. घर जागेवर होतं. दानम्मांनी मात्र तिकडं पाहिलंही नाही.

मग खंडेनवमी आली. पेठेतले माग थांबले, धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा चढल्या. महादेवप्पांनी विळी, कात्री, अडकित्ता पाटावर मांडला आणि कुंकवाचं ताट उचललं.

"मी," दानम्मा म्हणाल्या.

त्या खाटेला धरून उठल्या. सावरायला महादेवप्पांचा हात पुढं गेला. तो त्यांनी तसाच मागं घेतला. दानम्मा पाटाजवळ थांबल्या नाहीत. पाय ओढत कॉम्प्युटरपर्यंत गेल्या. डाव्या हाताच्या बोटानं मॉनिटरला विभूती लावली, मग कुंकू. कुंकू वाकडं लागलं. वर एक झेंडू ठेवला.

"लावू का?" महादेवप्पांना दम धरवेना. "आता पुसत न्हाय बघ. काड की कुयरी!"

दानम्मांनी त्यांच्याकडं पाहिलं, पूर्वी चुकीचा रंग आणून दिल्यावर बघायच्या तसं.

"खंडेनवमीला हत्यार चालवतेत व्हय?" एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या. "आज सुट्टी हाय त्याला."

"मग?"

"नाळे."

नाळे म्हणजे उद्या. वर्षभरात दानम्मांनी उद्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

दुपारी त्या डाव्या हातानं स्वतःच्या स्वतः जेवल्या. पुरणपोळी मोडताना दूध सांडलं, पदरावर डाग पडला. महादेवप्पा समोर बसले होते, आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून.