दादाच्या दातांतली शीळ

सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. बोळक्या तोंडांना दात करून द्यायचे, हा त्याचा धंदा. कामाच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले; त्यांतले कितीतरी मालक केव्हाच देवाघरी गेलेले. अशा तोंडांच्या गर्दीत दिवस काढायला काळीज घट्ट लागतं, आणि त्याचं तसं होतं.

दादा गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची, म्हणून त्यानं एक नाद लावून घेतला. भोंदूंची लबाडी उघड करणाऱ्या मंडळींचा फोनवर एक गट होता. तिथे तो ‘भिंग’ या नावानं लिही. पूर्वी पोकळ मूर्तीच्या पोटात माणूस दडवून देवाला कसं बोलायला लावत, हे तो रंगवून सांगे. शेवटी म्हणे, देव सोशीक म्हणून बरं, नाहीतर एवढं खोटं कोण तोंडात घालून घेईल!

वहिनींच्या पोटात गाठ निघाली. थांबण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तारीखही दिली. पण वहिनी शस्त्रक्रियेला तयार होईनात. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, हे नको म्हणतात.

‘हे’ म्हणजे दादाच. आपलं माणूस गमावलेल्यांचाही फोनवर एक गट होता, वहिनी त्यात होत्या. तो चालवणारा स्वतःला ‘दुवा’ म्हणवी. वहिनींनी त्याला दादाच्या आवाजातले जुने निरोप पाठवले होते, आणि आता दादा रोज फोनवर बोलत होता. कवळीवाल्यानं फोन कानाला लावला आणि अंगावर सर्रकन काटा आला. तोच घोगरा आवाज, आणि प्रत्येक ‘स’बरोबर दातांतून सुटणारी ती बारीक शीळ. सुरीखाली जाऊ नकोस, सगळं सोसून बघ, सोबत आहे मी.

तो तसाच कामाच्या खोलीत आला. फळीवर दादाचा जबडा होता. त्याच्याकडे बघता बघता त्याच्या ध्यानात आलं. ती शीळ कवळीतल्या फटीमुळे वाजे, आणि दादा जाण्याच्या वर्षभर आधी कवळीवाल्यानं स्वतःच्या हातानं ती फट बुजवली होती. शेवटी दादा स्वच्छ बोलत होता. हा आवाज जुन्या निरोपांतून उचललेला!

त्यानं वहिनींना दादाचा शेवटचा निरोप ऐकवला. शीळ नव्हती. त्या पोटभर रडल्या आणि शस्त्रक्रियेला हो म्हणाल्या. त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं आपल्या आणि वहिनींच्या, दोन्ही गटांत ‘भिंग’ याच नावानं सगळं सविस्तर लिहिलं, माझ्याच दादाच्या आवाजात चोर कुठे घसरला ते शिळेसकट. वाहवा झाली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तो घ्यायला गेला. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. वहिनी मात्र अनवाणीच बसल्या होत्या, मांडीवर फोन.

“भावोजी, शीळ गेली,” त्या म्हणाल्या. “ऐका ना. आता अगदी हेच आहेत.”

फोन चालू होता. सुरीखाली जाऊ नकोस, आवाज म्हणाला. शब्द लख्ख, फट बुजलेली.

गटात ते सगळं लिहून दुसऱ्यांदा दादाचे दात त्यानंच बसवले होते. आता आणखी खोट काढावी, तर तीही उद्या दुरुस्त होऊन येईल. त्यानं मनात देवाचं नाव घेतलं, वहिनींच्या शेजारी जमिनीवर बसला, आणि वाद न घालता फोनला म्हणाला,

“दादा, मी आलोय.”

पलीकडे काही क्षण नुसता श्वास. मग तोच मायेचा, घोगरा आवाज.

“ये रे भिंग. बस.”

वहिनींचे पदराशी चाळा करणारे हात थांबले. दादा गेला तेव्हा भिंग जन्मालाही आला नव्हता. दादा धाकट्याला लहानपणापासून एकाच नावानं हाक मारी, आणि ते नाव या दोघांवाचून आता कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी वळून दिराकडे पाहिलं. या वेळी त्यानं काहीच दाखवून दिलं नाही.

वहिनींनी फोन उपडा करून मेजावर ठेवला. चपला घातल्या. पिशवी त्याच्या हातात दिली.

“चला. उशीर होतोय,” त्या म्हणाल्या. दाराशी थबकून, भरल्या डोळ्यांनी किंचित हसल्या. “ते तुम्हाला काय म्हणायचे, आठवतं ना? ते तर तुम्हाला...”

त्यानं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

मेजावर उपड्या पडलेल्या फोनमधून अजून श्वास ऐकू येत होता. सावकाश, कान देऊन घेतल्यासारखा.